मुळाशी लिहिलेला पांढरा

३ नोव्हेंबर, सोमवार

आले बाई एकदाची रायपूरला. गोंदियाच्या फलाटावर बाबा असा हात हलवत होते की मी सातासमुद्रापार चालले आहे. गाडीनं शेवटचा अर्धा तास रायपूरच्या बाहेरच काढला. बाबांची सगळी नोकरी रेल्वेत गेली, म्हणून त्यांना फोन करून सांगितलं की तुमच्या लोकांनी मला पहिल्याच दिवशी उशीर करवला.

नोकरीची जागा ब्राह्मणपाऱ्यात. बोर्डावर अजून ‘हिशीकर प्रेस’ आहे, पण छपाई बंद होऊन आठ वर्षं झाली. खाली जुनं यंत्र मेणकापडाखाली झाकलेलं, वर दोन खोल्यांत कॉम्प्युटर. लग्नाच्या, मुंजीच्या, वास्तुशांतीच्या पत्रिका आता कागदावर निघत नाहीत. त्यांची वेबपेजं करायची, लिंक पाठवायची, लोक फोनवर उघडतात. मालक अच्युत हिशीकर पन्नाशीचे आहेत, वाक्य मराठीत सुरू करतात आणि हिंदीत संपवतात. ‘सर’ म्हटलं की ते मागे वळून बघतात, म्हणून मी अच्युतदादा म्हणायचं ठरवलं. त्यांचे वडील गंगाधरकाका चौऱ्याऐंशीचे. दिवसभर खाली यंत्राशेजारी खुर्ची टाकून बसतात.

चहा आला तेव्हा मी आधी कपांकडे पाहिलं. आईकडून आलेली सवय आहे, जात नाही. सगळ्यांचे कप सारखे होते आणि माझा कप काकांनी स्वतः उचलून दिला. बरं वाटलं, खोटं कशाला लिहा.

आमच्या भावनाचं लग्न १४ डिसेंबरला, तेही इथेच बीरगांवला. नवरा मुलगा यशदीप तिथल्याच उरला भागातल्या रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर आहे. धाकटीचं लग्न आधी होतंय म्हणून नातेवाईक माझ्याकडे किवेनं बघतात. मला तर सुटल्यासारखं झालंय. तिची पत्रिका मीच करणार आणि अशी करणार की बीरगांव बघत राहील.

६ नोव्हेंबर, गुरुवार

इथल्या कामाची पद्धत पाहून हसावं की रडावं कळेना.

पानावर काय लिहिलंय ते एका फाइलीत असतं आणि ते कसं दिसावं, म्हणजे रंग, अक्षर, अंतर, ते दुसऱ्या फाइलीत. त्या दुसरीला स्टाइलशीट म्हणतात. इथे अशा दोन आहेत आणि त्या चक्क दोन वेगळ्या कॉम्प्युटरवर. शुभकार्याचा कॉम्प्युटर खिडकीपाशी. तेरवीची पत्रं, श्रद्धांजलीची पानं, त्यांचा कॉम्प्युटर आतल्या बोळात. अकराशे-अकराशे ओळी, आणि मोजके रंग सोडले तर शब्दाला शब्द सारख्या. कुणी म्हटलं कुंकू जरा गडद हवं, की सत्तर ठिकाणी हातानं बदला. आधीचा डिझायनर सात वर्षं हेच करत होता म्हणे. त्या माणसाच्या सहनशक्तीला दंडवत.

अहो, यासाठीच तर व्हेरिएबल असतात. मुळाशी एकदा लिहायचं की ‘कागद’ म्हणजे हा पिवळा, ‘शाई’ म्हणजे हा लाल. पुढे सगळीकडे रंग लिहायचाच नाही, फक्त ‘कागद’ आणि ‘शाई’ ही नावं लिहायची. मुळाशी एक शब्द बदलला की सगळं पान बदलतं. नावं मराठीतही चालतात, हे मला फार आवडतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज काकांनी खाली बोलावून मेणकापड काढून यंत्र दाखवलं. मग खिळ्यांच्या पेट्या दाखवल्या. खिळा म्हणजे शिशाचं एकेक अक्षर, ते हातानं जुळवून ओळ करायची. खिडकीपाशी लग्नामुंजीची पेटी. जिन्याखाली, भिंतीकडे तोंड करून दुसरी, मयताच्या पत्रांची. तिचे खिळे वेगळे, शाईची सुरी वेगळी, पुसायचं फडकंही वेगळं. जिन्याखालचं काम केलं की हात धुऊन, पाणी पिऊनच खिडकीपाशी यायचं. मी त्या पेटीकडे हात नेला तर काकांनी माझं मनगट धरलं. जो खिळा मयताच्या कागदावर उठला तो लग्नाच्या कागदावर उठवायचा नाही, असं म्हणाले. कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांनीच हट्टानं दोन घ्यायला लावले होते.

माझं डोकं तापलं. वेगळी पेटी, वेगळं फडकं, हात लावू नको. ही भाषा आमच्या घराला नवीन नाही. माझ्या आज्याला विहिरीपासून किती हात लांब उभं करायचे ते बाबा अजून सांगतात. काकांच्या मनात तसं काही नव्हतं हे मला दिसत होतं, तरी रागानं कान गरम झालेच.

रात्री जेवताना बाबांना फोनवर सांगितलं. ते हसले. “शाई कोनाले वळखते काय? मानसं मरतेत, मानसं लग्नबी करतेत. एकच पेटी कर तू.”

१२ नोव्हेंबर, बुधवार

केली एकच पेटी.

चार दिवस लागले. आता एकच फाइल. मुळाशी व्हेरिएबलची यादी, ‘कागद’, ‘शाई’, ‘कोपरा’ अशी. थीम शुभ असली तर यादी पिवळी-लाल, शोक असली तर पांढरी-काळी, आणि शोकाच्या पानाला तेवढा वरचा कोपरा कापलेला, जुन्या पत्रांसारखा. बाकी सगळं सामाईक. एखाद्या भागाला वेगळा रंग हवा असेल तर त्या भागापाशी पुन्हा लिहायचं. मुळाशी लिहिलेलं सगळ्यांना लागतं, पण जवळ लिहिलेलं दूरच्यापेक्षा वरचढ. माझ्या मते इतका साधा आणि शहाणा कायदा माणसांतही नाही.

बावीसशे ओळींच्या पाचशे झाल्या. जुनी दोनशे सहा पानंही याच फाइलीला जोडून टाकली. अच्युतदादा इतके खूश झाले की समोसे मागवले. “आमच्या बाबांना सध्या नको सांगू हं, उगाच किचकिच करते रहेंगे.” मीही हव म्हटलं. इथे हो म्हणायला सगळे हव म्हणतात, मलाही लागलंय.

१६ नोव्हेंबर, रविवार

भावनाची पत्रिका झाली. भावनाबाई खूश आहेत.

आमच्या लग्नात नवरी पांढरी साडी नेसते, नवरा पांढऱ्यात. म्हणून पान पांढरं शुभ्र, शाई निळी, वर ‘सप्रेम जय भीम’. खाली निमंत्रकांची नावं एकाखाली एक: बाबांचं शामराव, आईचं सरला, आणि शेवटी माझं, नीलिमा. पांढरा शोधायला मी फार लांब गेले नाही. शोकाच्या यादीत एक सुरेख पांढरा होता, किंचित दुधाळ, डोळ्यांना न टोचणारा. तोच रंग परत लिहिण्यात काय हशील? मी लिहिलं की भावनाचा ‘कागद’ म्हणजे शोकाचा ‘कागद’. एका नावाला दुसरं नाव जोडलं. कामच असं करायचं असतं.

अच्युतदादांनी पाहिलं. म्हणाले, लग्नाला पांढरा? मी म्हटलं, आमच्यात हाच मंगल. ते लगेच हो हो म्हणाले आणि लाजले. लिंक तीनशे चाळीस लोकांना गेली. आईनं पान उघडून डोळे पुसल्याचं भावनानं कळवलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी एक गंमत झाली. शिशिर आणि गंधाली यांची लग्नपत्रिका तपासायला उघडली तर पांढरी. कोपरा कापलेला. नावं तीच, मुहूर्त तोच, फक्त थीम शोकाची. पानावर थीम शुभच लिहिलेली होती. पुन्हा उघडलं, पिवळं. ब्राउझरनं जुनं काहीतरी साठवून ठेवलं असेल, असं होतं कधीकधी.

अच्युतदादांना दाखवायला गेले तोवर ठीक झालं होतं. ते म्हणाले, चष्मा लाव.

२२ नोव्हेंबर, शनिवार

शिशिर गेला. काल संध्याकाळी बॅडमिंटन खेळताना कोर्टावरच बसला आणि उठला नाही. एकोणतीस वर्षांचा होता. त्याच्या काकांचा प्रेसला फोन आला की पत्रिकेची लिंक बंद करा आणि तेरवीचं पान करून द्या.

ते मी केलं. त्याच फाइलीतून, थीमचा एक शब्द बदलून. परवा मला दिसलं होतं तसंच हुबेहूब दिसलं. फोटोही तोच होता, फेटा बांधलेला. मग मी गच्चीवर जाऊन उभी राहिले बराच वेळ.

योगायोग आहे. मी शामरावांची मुलगी आहे आणि दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणून एकीनं दुसरी घडवली असं मानत नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

काल दुपारी नीलेश नावाच्या माणसाच्या वास्तुशांतीचं पान पांढरं दिसलं. या वेळी मी फोनवर त्याचा फोटो काढून ठेवला. आज सकाळी नव्या घराच्या टाकीवर पंप सुरू करायला गेला आणि विजेचा धक्का बसून गेला. पहिल्या वेळी पान पांढरं होण्यापासून दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ झाली होती. या वेळी एक रात्र.

फोटोत पान पांढरंच आहे. म्हणजे चष्म्याचा दोष नाही.

फाइल ओळ न् ओळ तपासली. शुभाच्या यादीत, अगदी मुळाशी, एक ओळ सापडली जी मी लिहिलेली नाही: ‘कागद’ म्हणजे शोकाचा ‘कागद’. भावनाच्या पानासाठी मी लिहिली होती तीच ओळ, पण आता सगळ्यांच्या मुळाशी. कुणी कधी काय बदललं याची नोंद राहते. नोंदीत १६ नोव्हेंबरनंतर कुणीच काही बदललेलं नाही. अच्युतदादांनी आईची शपथ घेतली. ओळ पुसली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज दुपारी जेवता जेवता लक्षात आलं आणि घास तोंडातच राहिला.

बाकीची पानं पिवळी आहेत, म्हणून पांढरी झाली की कळतात. भावनाचं पान पांढरंच आहे. ते उलटलं तर मला कसं कळणार? कोपऱ्यावर भरवसा नाही, नीलेशच्या फोटोत तो कापलेला नव्हता. कदाचित उलटलेलं असेल. कदाचित पहिल्या दिवसापासून.

डबा तसाच झाकला. तिला फोन केला. ती साड्यांच्या दुकानात होती, चिडली, म्हणाली ताई तू दिवसातून चारदा फोन करते, तुले कामं नाही काय? तिचा आवाज ऐकत राहिले. मला भीती वाटते आहे. हे लिहून टाकलं म्हणजे खरं तर हलकं वाटायला हवं होतं.

३० नोव्हेंबर, रविवार

सुट्टी असून प्रेसमध्ये बसले. फाइली पुन्हा दोन केल्या, दोन कॉम्प्युटरवर, जसं होतं तसं. मुळाची शोकाची यादी शुभातून पूर्ण पुसली. एकदा तर सगळीच स्टाइल काढून पाहिली. पण तुम्ही काहीच लिहिलं नाही तर ब्राउझर स्वतःचा रंग देतो. आणि तो पांढरा असतो. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आज ते पडद्यावर बघताना मी खुर्ची मागे ढकलून उठले.

मग भावनाचं पान पिवळं केलं. कुठल्याही नावाला न जोडता, रंग थेट लिहून, गर्द हळदीचा. आता निदान उलटलं तर दिसेल.

संध्याकाळी तिचा फोन. भांडलीच. आपल्या लग्नात हळद कुठून आली, यशदीपच्या घरचे विचारतात, समाजात काय तोंड दाखवायचं. मी म्हटलं रंग चांगला दिसतो. मग बाबांनी फोन घेतला. ते ओरडले नाहीत. “बाई, तू तं अशी नव्हती,” एवढंच म्हणाले. त्यांना काय सांगू? ज्यांनी मला शिकवलं की जे तपासता येत नाही ते मानू नको, त्यांना सांगू की मी तपासलंय?

४ डिसेंबर, गुरुवार

सकाळी साडेदहा: ईरा नावाच्या मुलीच्या अरंगेत्रमचं, म्हणजे पहिल्या जाहीर नाचाचं, पान पांढरं. फाइल वेगळी केलेली असून. मुळाशी तीच ओळ परत उभी.

दहा पस्तीस: तिच्या घरी फोन केला. मुलीला आज बाहेर पाठवू नका म्हटलं. का ते सांगता आलं नाही. तिच्या आईनं मी कोण, कुठून बोलतेय असं विचारलं आणि मग अच्युतदादांना फोन लावून तक्रार केली.

दुपारी दोन: घरातच. जिन्यावरून. घुंगरू पायात होते.

तिची आई आता मला शोधते आहे. मला कसं माहीत होतं ते तिला हवंय.

५ डिसेंबर, शुक्रवार

काकांपुढे जाऊन सगळं सांगितलं. वाटलं होतं शिव्या देतील. ते यंत्राच्या चाकावरून हात फिरवत राहिले.

मग म्हणाले, “पोरी, मी माणसं वेगळी ठेव म्हटलं नव्हतं. मरण वेगळं ठेव म्हटलं होतं.” मी म्हटलं, काका, मला वेगळं ठेवणं एकाच तऱ्हेनं ऐकू येतं. ते म्हणाले, वो गलती हमारे लोगों की है, तुझी नाही. आणि रडले. मीही रडले. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस खुर्चीत आणि मी खाली जमिनीवर.

त्यांनी सांगितलं ते असं. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी मारोती नावाचा खिळे जुळवणारा इथे होता. घाईत त्याच्या हातून जिन्याखालच्या पेटीतले मूठभर खिळे खिडकीच्या पेटीत सांडले. महिन्याभरात तीन लग्नघरांत माणसं गेली. चौथी पत्रिका काकांच्या सख्ख्या बहिणीची होती. खिळे वेचून वेगळे करता येईनात, सगळे सारखेच. शेवटी मारोतीनं त्या खिळ्यांत फक्त स्वतःचं नाव जुळवलं, एकच कागद छापला आणि घरी गेला. काकांच्या बहिणीला आता नातवंडं आहेत.

आणि मारोती, असं मी विचारलं. काका म्हणाले, मरण कुठेतरी उतरल्याशिवाय जात नाही.

१० डिसेंबर, बुधवार

भावनाचं पान दर तासाला बघते. पिवळं आहे.

जेवण जात नाही. अच्युतदादांनी नवीन पत्रिका घेणं बंद केलंय. जुनी पानं उतरवू म्हटलं तर लोक लिंक मागतात, लग्नं तोंडावर आलीत. आणि उतरवलेलं पान तरी कसं दिसतं? कोरं. पांढरं.

भावना आता माझ्याशी नीट बोलत नाही.

१३ डिसेंबर, शनिवार

पिवळं. पिवळं. पिवळं.

उद्या सकाळी सगळे गोंदियाहून बसनं निघतील, बारा वाजता लग्न. मला दहाला हॉलवर पोचायचं आहे. त्याआधी प्रेसमध्ये जाऊन एकदा बघणार. आईनं माझ्यासाठी पांढरी साडी घेतलीय. ती म्हणाली, दोघी बहिणी सारख्या दिसाल.

उलटलं तर काय करायचं ते मी ठरवलं आहे. इथे लिहीत नाही.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी ७.१०

बस निघाली. भावनानं फोटो पाठवला, खिडकीशी बसली आहे. राग गेला वाटतं. खाली लिहिलंय: ताई लवकर ये, माझा पदर तूच लावशील.

८.२५

पांढरं. कोपरा कापलेला.

८.२७

बसमधून भावनानं फोन घेतला. हसत होती, मागे गाणी लावली होती. ईराला साडेतीन तास मिळाले होते. प्रत्येक वेळी वेळ कमी होत गेलाय. मला किती आहे माहीत नाही.

८.३१

मारोतीनं केलं ते. काढून टाकता येत नसेल तर जवळ लिहायचं, जवळचं वरचढ. तो पांढरा भावनावरून काढून शेवटच्या ओळीवर, माझ्या नावावर लिहायचा. फक्त माझ्या नावावर. बाबा, मी मानत नाही अजूनही. पण भावनावर हे तपासून बघायची माझी तयारी नाही.

८.३८

झालं. फाइल सर्व्हरवर चढवली.

पान पिवळं झालं. वरपासून खालपर्यंत पिवळं आणि तळाशी पांढरी पट्टी. भावनाचं नाव पिवळ्यावर. मी हसले मोठ्यानं, एकटीच. शांत वाटतंय. इतकं शांत महिन्याभरात वाटलं नव्हतं.

८.४४

पट्टी जरा जाड आहे. एका ओळीची इतकी नसते.

८.४५

तीन ओळी पांढऱ्या आहेत. शामराव. सरला. नीलिमा.

मी रंग माझ्या ओळीवर नाही लिहिला. निमंत्रकांच्या सगळ्या ओळींना मिळून मी एक सामाईक नाव दिलं होतं, म्हणजे पुन्हा पुन्हा लिहावं लागू नये. घाईत त्या नावावर लिहिलं. जिथे जिथे ते नाव आहे तिथे तिथे —

आई. बाबा.

८.४७

फक्त या पानावर नाही. शुभाची ती फाइल सगळ्यांची आहे. दोनशे पानांवर निमंत्रक आहेत. आई-वडील, आजे, काका, सगळ्यांची नावं तळाशी —

८.४९

दुरुस्त केलं. चढत नाही. गोल फिरतंय.

बाबांचा फोन लागत नाही. आईचा वाजतो, उचलत नाही.

८.५२

भावनाचा फोन आला. तिला काही झालेलं नाही, ओरखडाही नाही. ती उलटलेल्या बसजवळ रस्त्यावर उभी आहे. लोक ओरडताहेत मागे. ती रडत नाहीये, तिला अजून कळलेलंच नाही, ती मला विचारते आहे की ताई, आई-बाबा उठून काहून नाही राहिले —

८.५३

खाली प्रेसचा फोन वाजतोय. आता माझ्या मोबाइलवर अच्युतदादांचा. आता दुसरा कुणाचा तरी. पलीकडच्या घरातही —

माझी ओळ सगळ्यात खाली आहे. पान वरून खाली रंगत येतं. तेवढा वेळ आहे, तेवढ्यात दुरुस्ती चढली तर बाकीच्यांना तरी, फक्त ते एक नाव खोडून माझं एकटीचं —